चायनाटाउन (१९७४) : सत्ता, वासना, अत्याचार आणि पाणी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणालाही हा सिनेमा सुचवला की दोनतीन दिवसांनी मेसेज येतो, बहुतेक रात्री बारानंतर, आणि प्रश्न साधारण तेच असतात. प्रत्येकाला वेगळं टाइप करून बोटं दुखली म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. १ ते ५ सिनेमा न बघताही वाचता येतील. ६ पासून पुढे सगळं फोडलंय, तेव्हा आधी बघा आणि मग या, नंतर मला बोलायचं नाही.

१. नेमका कशाबद्दल आहे? दोन ओळीत सांग ना.

साल १९३७, लॉस एंजेलिस, दुष्काळ. जेक गिटिस (जॅक निकल्सन) हा नवराबायकोच्या लफड्यांचे फोटो काढून पोट भरणारा प्रायव्हेट डिटेक्टिव्ह, त्याच्याकडे एक बाई येते आणि म्हणते माझा नवरा बाहेर काहीतरी करतोय, लक्ष ठेवा. नवरा म्हणजे शहराच्या पाणीखात्याचा चीफ इंजिनिअर हॉलिस मलरे. फोटो निघतात, पेपरात छापून येतात, आणि मग कळतं की आलेली बाई त्याची बायको नव्हतीच. खरी बायको एव्हलिन (फे डनअवे) वकील घेऊन ऑफिसात हजर होते. थोड्याच दिवसात हॉलिसचं प्रेत सापडतं. दोनाच्या चार ओळी झाल्या, चालवून घ्या.

२. फिल्म न्वार म्हणजे काय? आणि ते सिनेमे ब्लॅक अँड व्हाइट असतात ना, हा तर रंगीत आहे.

न्वार म्हणजे फ्रेंचमध्ये काळा. १९४६ मध्ये नीनो फ्रँक नावाच्या फ्रेंच समीक्षकाने काही अमेरिकन गुन्हेगारीपटांना हे नाव दिलं आणि ते चिकटलं. रात्र, सिगरेटचा धूर, खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या, थकलेला डिटेक्टिव्ह, आणि एक सुंदर बाई जी त्याला खड्ड्यात घालणार. हा शेवटचा भाग लक्षात ठेवा, ११ मध्ये लागणार आहे.

चायनाटाउन त्या काळानंतरचा, म्हणून याला निओ-न्वार म्हणतात. रंगीत आहे आणि बहुतेक सगळा भर उन्हात घडतो, अंधार फक्त माणसांच्या आत आहे म्हणा ना. अजून एक फरक, जुन्या न्वारमध्ये हॉलिवूडचं सेन्सॉर कोड होतं, १९३४ पासून कडक लावलं आणि १९६८ ला गेलं, त्या काळात या सिनेमाच्या मुळाशी जी गोष्ट आहे ती पडद्यावर उच्चारतासुद्धा आली नसती. तेव्हाच्या सिनेमांना सूचक बोलावं लागायचं, याने शेवटी तोंड उघडलं.

३. फार स्लो आहे असं ऐकलंय. खरं का?

हो, पहिली चाळीस मिनिटं पाणी, धरणं, मीटिंगा. एकूण साधारण दोन तास दहा मिनिटं. मोबाइल बाजूला ठेवून बघितला तर स्लो वाटत नाही, आणि मोबाइल हातात ठेवून बघितला तर एक अक्षर कळणार नाही, मग तुम्ही ६ नंबरचा प्रश्न विचाराल. सबटायटल लावाच, निम्मी मजा संवादात आहे, रॉबर्ट टाउनला पटकथेचं ऑस्कर उगीच नाही मिळालं. अकरा नामांकनं होती, मिळालं ते हे एकच, कारण त्याच वर्षी गॉडफादरचा दुसरा भाग होता.

४. आईबाबांबरोबर बघता येईल का? आणि कुणाला त्रास होईल असं काही आहे का?

उघडंवाघडं फारसं नाही. मारहाण आहे, एक नाक कापायचा सीन आहे ज्यात माझी मावशी उठून स्वयंपाकघरात गेली ती परत आलीच नाही. खरा त्रास वेगळा आहे: यात घरातल्याच माणसाने मुलीवर केलेल्या लैंगिक अत्याचाराचा विषय आहे. तो दाखवलेला नाही, फक्त बोलला जातो, पण ज्याने किंवा जिने असलं काही सोसलंय त्यांना तो बोलण्याचा सीन जड जाईल, आणि शेवटाकडे दिलासा वगैरे काही मिळत नाही. सोबत कुणाला तरी घेऊन बघा किंवा सोडून द्या, सिनेमा कुठे पळून जात नाही. आणि ओळखीतल्या एखाद्या लहान मुलाच्या किंवा मुलीच्या बाबतीत शंका असेल तर आपल्याकडे १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर आहे, तो सिनेमापेक्षा महत्त्वाचा.

५. नाव चायनाटाउन का? तिथे तर काहीच घडत नाही!

शेवटची काही मिनिटं घडतात की. पण त्याआधीसुद्धा ती जागा सगळीकडे आहे. जेक पूर्वी पोलिसात होता आणि त्याची ड्यूटी लॉस एंजेलिसच्या चिनी वस्तीत होती. तिथे काय करायचास विचारलं तर सांगतो की जमेल तितकं कमी. म्हणजे भाषा कळत नाही, कोण कुणाच्या बाजूचं ते कळत नाही, मदत करायला जाल आणि नुकसान करून याल, त्यापेक्षा हात लावू नका. तिथे एका बाईला इजा होऊ नये म्हणून तो धडपडला होता आणि नेमकी त्याच्यामुळेच तिला इजा झाली, एवढंच तो सांगतो, पुढचं गिळून टाकतो. थोडक्यात नाव जागेचं कमी आणि जेकच्या जुन्या जखमेचं जास्त. हे नाव वापरण्यात जी अडचण आहे ती १६ मध्ये.

६. पाण्याचा घोटाळा डोक्यावरून गेला. एकदा सोपं करून सांग.

ओके. शहरात दुष्काळ आहे असं सांगतात, पण रात्री गुपचूप धरणातलं पाणी समुद्रात सोडून देतात, म्हणजे टंचाई वाढवतात. का? तर लोक घाबरून नव्या धरणाच्या खर्चाला मत देतील. मग त्या धरणाचं पाणी शहरात यायला हवं ना, पण ते वळवायचंय शेजारच्या व्हॅलीत, जिथे सध्या शेतकऱ्यांचं पाणी तोडून, टाक्या फोडून, विहिरीत विष टाकून त्यांना कवडीमोलाने जमिनी विकायला लावलंय. पाणी आलं की त्याच जमिनीचं सोनं. एव्हलिनचा बाप नोआ क्रॉस म्हणतोच, एकतर पाणी शहरापर्यंत आणा नाहीतर शहर पाण्यापर्यंत आणा.

जमीन कुणाच्या नावावर? एका वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांच्या, ज्यांना याचा पत्ताच नाही, बसून गोधडी शिवतायत बिचाऱ्या आज्या. जेक रेकॉर्ड ऑफिसात जाऊन खोकल्याच्या आवाजात रजिस्टरचं पान फाडतो तो सीन बघताना तलाठी ऑफिस आठवलं नाही असा मराठी माणूस विरळा. आणि त्यातला एक खरेदीदार दोन आठवड्यांपूर्वी मेलेला, जमीन घेतलीय एका आठवड्यापूर्वी. असं आपल्याकडे होत नाही असं कुणी म्हणू नका.

हॉलिसला हे सगळं कळलं म्हणून तो मेला.

७. हे खरंच घडलं होतं का?

पाण्याचा भाग बराचसा, पण १९३७ मध्ये नाही. विल्यम मुलहॉलंड हा लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठ्याचा मोठा इंजिनिअर. त्याने ओवेन्स व्हॅलीतून साधारण ३७५ किलोमीटर लांबीचा कालवा आणला, पंप नाही काही नाही, नुसत्या उतारावर. ५ नोव्हेंबर १९१३ ला पाणी आलं तेव्हा त्याने भाषण केलं ते एवढंच की ते बघा, घ्या. पण पाणी येणार हे आधीच माहीत असलेल्या काही बड्या लोकांनी शहराशेजारच्या सॅन फर्नांडो व्हॅलीत जमिनी घेऊन ठेवल्या होत्या, त्यात लॉस एंजेलिस टाइम्सचा मालक आणि त्याचा जावईसुद्धा. १९१५ मध्ये ती व्हॅली शहरात सामील केली. तिकडे ओवेन्स तलाव आटला, चिडलेल्या शेतकऱ्यांनी १९२४ मध्ये कालवा डायनामाइटने उडवला.

सिनेमात हॉलिस एक धरण बांधायला नकार देतो कारण आधी एक फुटून माणसं मेलेली असतात, तेही खरं आहे: १२ मार्च १९२८ च्या मध्यरात्रीच्या सुमारास मुलहॉलंडचं सेंट फ्रान्सिस धरण फुटलं, चारशेच्या वर लोक गेले, त्याने दोष स्वतःवर घेतला आणि निवृत्त झाला. बाकी क्रॉस, एव्हलिन, खून हे सगळं टाउनच्या डोक्यातलं. मुलहॉलंडच्या घरात असलं काही झालं असा अर्थ काढू नका, लोक काढतात.

८. ती बहीण की मुलगी? तो सीन तीनदा बघितला तरी कन्फ्यूज आहे.

दोन्ही. कॅथरिनची आई एव्हलिन, आणि दोघींचा बाप एकच, नोआ क्रॉस. एव्हलिन पंधरा वर्षांची असताना हे झालं, ती मेक्सिकोला पळाली, तिथे हॉलिसने तिला सांभाळलं, पुढे लग्न केलं. म्हणजे पेपरात ज्या मुलीसोबत हॉलिसचं 'लफडं' म्हणून फोटो छापले ती त्याची सावत्र मुलगी, आणि तो तिला सासऱ्यापासून लपवत होता. आता पहिला अर्धा तास परत आठवून बघा, सगळं उलटं होतं.

मराठीत नात्यांची एवढी नावं आहेत, चुलत मामे मावस आते सावत्र, तरी या नात्याला शब्द नाही. एव्हलिनकडेही नाही. म्हणूनच ती कधी हे म्हणते कधी ते म्हणते आणि दोन्ही वेळा खरंच बोलते, आणि जेकला वाटतं ही खोटारडी आहे.

९. जेक विचारतो बापाने बलात्कार केला का, तर ती मान हलवून नाही म्हणते. म्हणजे तिची संमती होती का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, आणि विचारणारे बहुतेक पुरुष, हे आपलं नोंदवून ठेवते.

नाही. पंधरा वर्षांची मुलगी आणि घरातला, गावातला, शहरातला सगळ्यात ताकदवान माणूस, जो तिचा बाप आहे. इथे संमती हा शब्दच बसत नाही. आपल्याकडे २०१२ च्या पॉक्सो कायद्यात अठराच्या आतलं कुणीही बालकच धरतात आणि त्याची 'हो' धरत नाहीत, जवळच्या नात्यातल्याने केलं तर गुन्हा जास्त गंभीर.

मग मान का हलवते? माझ्या मते सिनेमा इथे खूप खरं बोलतो. घरात झालेल्या अत्याचारात ओरबाडणं, दार लावणं, किंचाळणं असं चित्र नेहमी नसतं, आणि ते नव्हतं म्हणून मुली वर्षानुवर्षं स्वतःलाच विचारत राहतात की मग मीच काहीतरी केलं असेन. बलात्कार म्हटलं तर आपण निर्दोष ठरतो, आणि एव्हलिनला स्वतःला निर्दोष म्हणवत नाही. त्या मान हलवण्यात बापाची सुटका नाही, बापाने तिच्या डोक्यात काय पेरून ठेवलंय ते आहे. आणि जेकचं बघा, त्याला हो किंवा नाही हवंय, डिटेक्टिव्ह आहे ना. ती विचारते की समजतंय का, की तुला झेपत नाहीये. खरं सांगायचं तर त्याला झेपत नाही, आणि प्रश्न पाठवणाऱ्या निम्म्यांनाही.

१०. नोआ क्रॉसकडे आधीच सगळं आहे. त्याला अजून काय पाहिजे? आणि पाणी आणि मुलगी या दोन गोष्टी एकाच सिनेमात कशाला?

हाच प्रश्न जेक त्याला विचारतो. किती पैसे आहेत, एक कोटी डॉलरच्या वर, हो, मग याहून चांगलं काय खाणार, काय विकत घेणार जे आत्ता परवडत नाही? क्रॉसचं उत्तर एका शब्दाचं: भविष्य.

आता पुढचं वाक्य ऐका, तो लगेच मुलगी मागतो, कॅथरिन. एव्हलिन कधीच हातची गेली म्हणतो. म्हणजे भविष्य म्हणताना त्याच्या डोक्यात धरण आणि ती मुलगी एकाच कप्प्यात आहेत. दोन कथा जोडल्यात असं नाहीच, एकच आहे. शहराचं पाणी पूर्वी क्रॉस आणि हॉलिसच्या मालकीचं होतं, हॉलिसला वाटलं ते लोकांचं असायला हवं, क्रॉसला ते कधी पटलं नाही. जे माझ्या हाताखालून गेलं ते माझं, मग ते पाणी असो की पोटची पोर. पोरीची पोरसुद्धा.

जॉन ह्यूस्टनने हे काम इतक्या गोड आवाजात केलंय की अंगावर येतं. ओरडत नाही, जेवायला बोलावतो, डोक्यासकट मासा वाढतो, जेकचं नाव मुद्दाम चुकीचं उच्चारतो आणि हसत विचारतो की माझ्या मुलीबरोबर झोपतोस का. कोणता बाप हे असं विचारतो? पहिल्यांदा बघताना आपल्याला वाटतं म्हातारा फटकळ आहे. (पडद्यामागची गंमत, गंमत कसली म्हणा, त्या काळात निकल्सन खरोखर ह्यूस्टनच्या मुलीबरोबर, अँजेलिकाबरोबर होता.)

आणि शेवटी तो म्हणतो मी स्वतःला दोष देत नाही, योग्य वेळ योग्य जागा मिळाली तर माणूस काहीही करू शकतो हे बहुतेकांना कधी कळतच नाही. लोक हे वाक्य स्टेटसला ठेवतात, मोठं तत्त्वज्ञान म्हणून. अरे बाबा, हे एका बापाने मुलीवरच्या अत्याचाराबद्दल दिलेलं स्पष्टीकरण आहे.

११. एव्हलिनने पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं तर? सगळं तिच्या खोटं बोलण्यामुळे झालं ना?

सांगितलं असतं कुणाला? पोलिसांना? ते बापाच्या खिशात आहेत, आणि ती हे बोलून दाखवते, कुणी मनावर घेत नाही. जेकला? जो फोटो विकतो त्याला?

इथे २ मधली गोष्ट आणा. न्वार सिनेमे बघितलेल्या माणसाला शिकवण असते की सुंदर, श्रीमंत, अडखळत बोलणारी विधवा म्हणजे तिनेच नवऱ्याला मारलं. टाउन आणि दिग्दर्शक पोलान्स्कीला माहीत होतं की आपण तसंच बघणार. बापाचं नाव निघालं की एव्हलिन अडखळते, हातात एक सिगरेट पेटलेली असताना दुसरी पेटवायला जाते, आणि आपण म्हणतो बघ लपवतेय! लपवतेयच, पण गुन्हा नाही, जखम. मी कॉलेजात पहिल्यांदा बघितला तेव्हा मध्यापर्यंत शंभर टक्के खात्री होती मला की हिनेच केलंय, आणि ते कळल्यावर जी लाज वाटली ती अजून आठवते. तिचं वागणं पहिल्या सीनपासून अत्याचार झालेल्या बाईचं आहे, आम्ही ते विषकन्येचं म्हणून वाचलं.

१२. जेक तिला कानाखाली मारतो, चारपाच वेळा. तरी तो हीरो कसा?

नसेल. सिनेमा कुठे म्हणतोय?

नीट बघा, त्या सीनमध्ये तिच्या तोंडून खरं बाहेर पडतं ते मार खाऊन. म्हणजे बापाने जबरदस्ती केली ती गोष्ट काढून घ्यायला दुसऱ्या पुरुषाने जबरदस्ती केली. आणि त्याने आधीच पोलिसांना फोन करून बोलावलंय, म्हणजे खरं काय ते ऐकण्याच्या आधीच निकाल लावून आलाय.

अजून एक, ज्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. सिनेमा सुरू होतो कर्ली नावाच्या कोळ्यापासून, तो जेकच्या ऑफिसात बायकोचे परपुरुषाबरोबरचे फोटो बघून रडतोय आणि जेक त्याला दारू पाजतो, विनोदी सीन आहे, हसतो आपण. शेवटाकडे जेक त्याच्या घरी जातो आणि दार उघडते ती बायको, एक डोळा काळानिळा. कुणी काही बोलत नाही, कॅमेरासुद्धा थांबत नाही. जेकने विकलेल्या फोटोंची किंमत कुणी मोजली ते कळलं. पहिल्या सीनला आपण कशावर हसलो तेही कळलं.

१३. मग त्याची नेमकी चूक कुठे झाली?

एक नाही. मलरेंच्या तळ्यात सापडलेल्या चष्म्यावरून तिला खुनी ठरवलं (चष्मा बायफोकल होता, हॉलिस बायफोकल लावायचाच नाही, हे तिनेच सांगितलं; तो क्रॉसचा निघाला), पोलीस बोलावले. पण सगळ्यात मोठी ही की खरं कळल्यावर तो चष्मा घेऊन थेट क्रॉसला बोलावतो, हातात बंदूक नाही मागे माणूस नाही, त्याला फक्त तोंडावर सांगायचंय की मला माहितीय. क्रॉस त्याच्याकडून चष्मा काढून घेतो आणि बंदुकीच्या धाकावर त्यालाच वाटाड्या करून मुलीपर्यंत पोचतो. एव्हलिनने इतकी वर्षं लपवलेली जागा जेकने एका संध्याकाळीत दाखवली.

१४. नाक कापणारा तो बुटका कोण?

दिग्दर्शक स्वतः, रोमन पोलान्स्की. बाकीचं पुढच्या प्रश्नात.

१५. पोलान्स्कीने स्वतः काय केलंय ते माहीत असून हा सिनेमा बघायचा कसा? आणि शेवट एवढा वाईट त्यानेच केला का?

आधी शेवट. टाउनच्या मूळ कथेत एव्हलिन बापाला मारते आणि वाचते. पोलान्स्की अडून बसला की नाही, ती मेली पाहिजे आणि म्हातारा सुटला पाहिजे. त्याआधी चारेक वर्षं, ऑगस्ट १९६९ मध्ये, त्याच शहरात त्याच्या गरोदर बायकोचा, शॅरन टेटचा, मॅन्सनच्या टोळीने खून केला होता. लहानपणी क्राकोच्या ज्यू घेट्टोतून तो वाचला, आई आउशविट्झच्या नाझी छळछावणीत गेली ती आलीच नाही. दुष्टांना शिक्षा होते यावर त्याचा विश्वास नसेल तर नवल नाही, आणि सिनेमा म्हणून तो बरोबर होता असं मला वाटतं, क्रॉस मेला असता तर आपण सुटकेचा श्वास सोडून झोपलो असतो.

आता दुसरा भाग. मार्च १९७७ मध्ये, म्हणजे हा सिनेमा आल्यावर तीन वर्षांच्या आत, तेरा वर्षांच्या मुलीवरच्या अत्याचारासाठी पोलान्स्कीला अटक झाली. घटना घडली ती जॅक निकल्सनच्या घरी, निकल्सन तेव्हा तिथे नव्हता. अल्पवयीन मुलीशी बेकायदा शरीरसंबंधाचा गुन्हा त्याने कबूल केला, आणि १९७८ मध्ये शिक्षा सुनावायच्या आधी अमेरिकेतून फ्रान्सला पळून गेला. २००३ मध्ये त्याला दिग्दर्शनाचं ऑस्कर दिलं, सभागृहाने उठून टाळ्या वाजवल्या, २०१८ मध्ये त्याच अकॅडमीने त्याला सदस्यत्वावरून काढून टाकलं. क्रॉसचं एक वाक्य आहे की राजकारणी, कुरूप इमारती आणि वेश्या पुरेशा टिकल्या की प्रतिष्ठित होतात. यादीत अजून एक नाव घालायला हरकत नव्हती.

बघायचा की नाही हे मी सांगणार नाही. मी बघते, आणि दर वेळी ही माहिती डोक्यात असते, ती बाजूला ठेवून बघता येत नाही आणि ठेवायचीही नाही. 'कला वेगळी कलाकार वेगळा' हे वाक्य मला इथे कामाचं वाटत नाही, कारण या सिनेमाचा विषयच तो आहे की मोठ्या माणसाचं काय काय पोटात घातलं जातं.

१६. चिनी लोकांबद्दल सिनेमा रेसिस्ट आहे का?

काही ठिकाणी हो. अख्ख्या वस्तीला 'जिथे काहीच कळत नाही' याचं प्रतीक करणं म्हणजे तिथे राहणाऱ्यांना माणूस न धरणं, आणि चिनी पात्रं नोकर, माळी एवढीच. जेक एक घाणेरडा चिनी जोक सांगतो तोही आहे.

पण एक गोष्ट सिनेमाच्या बाजूने. मलरेंचा माळी सुरुवातीलाच सांगतो की तळ्याचं पाणी गवताला वाईट आहे, आणि तो 'ग्रास'चं 'ग्लास' म्हणतो. जेक त्याच्या उच्चाराची नक्कल करून हसतो आणि पुढे जातो. खुनाचा सगळा पुरावा तिथेच होता, तळं खाऱ्या पाण्याचं आहे आणि हॉलिसच्या फुप्फुसात खारं पाणी होतं. उच्चारावर हसला नसता तर बराच आधी कळलं असतं. एव्हलिनचं आणि माळ्याचं बोलणं जेकने एकाच कारणाने ऐकलं नाही, ११ परत वाचा.

१७. याच्यावरून हिंदीत काही आलंय का?

मनोरमा सिक्स फीट अंडर, २००७, दिग्दर्शक नवदीप सिंग, अभय देओल आहे. गोष्ट राजस्थानात नेलीय, वाळू आणि कोरड आपली वाटते. नक्कल नाही, नीट आपलंसं केलंय. चायनाटाउन आधी बघा मात्र.

१८. कॅथरिनचं पुढे काय होतं? मला झोप लागली नाही.

या सिनेमात एवढंच दिसतं की म्हातारा तिचे डोळे झाकून तिला आईच्या प्रेतापासून ओढत नेतो, आणि आजूबाजूला पोलीस उभे असतात. किंचाळत असते ती. जेकचा सहकारी त्याला म्हणतो, सोड जेक, हे चायनाटाउन आहे.

१९९० मध्ये द टू जेक्स नावाचा पुढचा भाग आला, निकल्सननेच दिग्दर्शित केला, १९४८ साल, त्यात कॅथरिन मोठी झालेली आहे. ठीकठाक आहे. पण मला तो बघून बरं वाटलं नाही, उलट अकरा वर्षांत काय झालं असेल याचाच विचार करत बसले.

१९. दुसऱ्यांदा बघताना कुठे लक्ष देऊ?

डोळ्यांकडे. चष्म्याची फुटलेली काच, जेकने पाठलागासाठी फोडलेला गाडीचा एक मागचा दिवा, कर्लीच्या बायकोचा डोळा (१२), आणि एव्हलिनच्या डोळ्यातला बारीकसा डाग, जो जेकला जवळून दिसतो आणि ती म्हणते जन्मतःच आहे, बुबुळात दोष. शेवटची गोळी कुठून बाहेर येते ते आठवा.

आणि कॅमेरा कायम जेकबरोबर असतो, त्याच्या खांद्यामागे. त्याला माहीत नाही ते आपल्यालाही माहीत नाही, त्याची चूक ती आपली चूक, असं मुद्दाम बांधलंय.

आणि कान उघडे ठेवा. मध्यात एकदा गाडीत जेक तिला खोदून खोदून विचारत असतो, ती थकून डोकं स्टिअरिंगवर टेकते आणि हॉर्न वाजतो, दचकून लगेच डोकं उचलते. एक सेकंदाचं आहे. शेवटी गाडी दूर रस्त्यावर जाऊन थांबते आणि हॉर्न वाजत राहतो.